मणिसरांची शाळा : के. जी. सुब्रमण्यन यांची चित्रे आणि अध्यापन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात थोर चित्रकार अनेक झाले आणि निष्ठावंत कलाशिक्षकही बरेच झाले. परंतु चित्र काढणे आणि चित्रकला शिकवणे ही एकाच शोधाची दोन अंगे मानून सहा दशकांहून अधिक काळ काम करणारे के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) यांच्यासारखे कलावंत विरळाच म्हणावे लागतील. बडोद्यात ‘मणिसर’ आणि शांतिनिकेतनात ‘मणिदा’ या नावांनी ओळखल्या गेलेल्या या कलावंताने तैलरंगांपासून काचेवरील चित्रांपर्यंत, भाजलेल्या मातीच्या उठावशिल्पांपासून मुलांच्या लाकडी खेळण्यांपर्यंत आणि हातमागाच्या वस्त्रांपासून इमारतींच्या दर्शनी भिंतींपर्यंत अनेक माध्यमे हाताळली, कलाविचारावर इंग्रजीत सातत्याने लेखन केले, मुलांसाठी चित्रगोष्टी रचल्या आणि हे सर्व करत असताना वर्गावरची आपली जबाबदारी कधी दुय्यम मानली नाही.

कलाशिक्षकाविषयी आपल्याकडे एक समज रुजलेला आहे. चित्रांवर पोट भरत नाही म्हणून कलावंत नोकरी धरतो, दिवसाचे तास वर्गाला देतो आणि उरलेल्या वेळात आपली खरी साधना करतो, असे मानले जाते. त्यामुळे चित्रकाराच्या चरित्रात त्याच्या अध्यापनाची नोंद बहुधा एखाद्या ओळीत आटोपली जाते. सुब्रमण्यन यांच्या बाबतीत ही वाटणी लागू पडत नाही. आधुनिक काळातील भारतीय माणसाच्या हाताला कोणकोणत्या भाषा अवगत होऊ शकतात, आणि त्या त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात, हा प्रश्न त्यांच्या चित्रांच्या मुळाशी आहे आणि त्यांच्या शिकवण्याच्या मुळाशीही तोच आहे. म्हणूनच त्यांच्या चित्रांचा विचार त्यांच्या शाळेला वगळून केला, तर तो अपुरा राहतो.

माहे, मद्रास आणि तुरुंग

कल्पाती गणपती सुब्रमण्यन यांचा जन्म १९२४ मध्ये उत्तर केरळातील कुथुपरंब येथे एका तमिळ ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे बालपण जवळच्याच माहे या गावी गेले. माहे त्या काळी फ्रेंचांच्या ताब्यात होते, तर त्याच्या सभोवतालचा मलबार ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात मोडत होता. घरात तमिळ, बाहेर मल्याळम, शासनाची फ्रेंच आणि वाचनाची इंग्रजी अशा अनेक भाषांच्या सरमिसळीत वाढलेल्या या मुलाला एकाच संस्कृतीच्या कुंपणात राहण्याची सवय मुळातच लागली नाही. देवळांतील मूर्ती, उत्सवांतील सोंगे आणि वाचनालयातील पुस्तके यांचे संस्कार त्याच्यावर जवळजवळ एकाच वेळी होत होते.

पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला. महात्मा गांधींच्या विचारांचा आणि भारतीय कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. हस्तव्यवसाय आणि ललित कला यांच्यात पाश्चात्त्य औद्योगिक समाजाने घातलेली भिंत पारंपरिक भारतीय समाजाला ठाऊक नव्हती, ही कुमारस्वामींची मांडणी सुब्रमण्यन यांच्या विचारांत आयुष्यभर टिकून राहिली. मात्र तिच्यातील गतकाळाची ओढ त्यांनी हळूहळू बाजूला सारली. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला आणि सरकारी महाविद्यालयांचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. अर्थशास्त्राचा मार्ग असा खुंटल्यावर १९४४ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. वसाहतकालीन शासनाने त्यांचे शिक्षण तोडले आणि त्या शासनाच्या शिक्षणपद्धतीला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या संस्थेने ते पुन्हा जोडले, ही घटना त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवणारी होती.

कलाभवनाचा वारसा

ब्रिटिशांनी मद्रास, कलकत्ता, मुंबई आणि लाहोर येथे स्थापन केलेल्या कलाशाळांमध्ये शिक्षणाचा क्रम बराचसा ठरलेला असे. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, स्थिरवस्तू आणि समोर बसवलेला माणूस यांच्यावरून छायाप्रकाशाचा आणि यथार्थदर्शनाचा सराव, म्हणजे सपाट कागदावर खोलीचा भास निर्माण करण्याच्या पद्धतीचा सराव, हा त्या क्रमाचा कणा होता. या शिस्तीतून कौशल्य निश्चित येत असे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून घडलेल्या पिढ्या त्याची साक्ष देतात. परंतु विद्यार्थ्याच्या घराभोवतीच्या दृश्यजगाला, त्याच्या आईने घातलेल्या रांगोळीला किंवा गावच्या कुंभाराच्या घटाला त्या क्रमात फारसे स्थान नव्हते.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी निराळा पाया घातला होता. निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा या तिन्हींशी कलावंताचे नाते एकाच वेळी जिवंत असले पाहिजे, हे नंदलालांचे सूत्र होते. त्यांनी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी शेतकरी, शिंपी, वादक, मल्ल अशा साध्या माणसांची फलकचित्रे ठसठशीत रेषेत रंगवली होती, आणि तितक्याच आस्थेने ते उत्सवाच्या सजावटीची आखणीही करत. सुब्रमण्यन यांना नंदलालांखेरीज बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचेही मार्गदर्शन लाभले. बिनोदबिहारींनी १९४६–४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांच्या जीवनावर जे विशाल भित्तिचित्र रंगवले, त्याच्या कामात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये सुब्रमण्यन होते. भिंतीवरील ओल्या गिलाव्याचा एकेक तुकडा सुकण्याआधी रंगवून पुरा करावयाचा, पुसून दुरुस्त करण्याची सोय नाही, आणि तरीही तुकड्यातुकड्यांतून वाहणारी रेषा अखंड दिसली पाहिजे, ही शिस्त त्यांनी तेथे जवळून पाहिली. गुरूच्या शेजारी उभे राहून काम करताना जे शिकता येते, ते वर्गातील व्याख्यानातून मिळत नाही, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्रही बहुधा या भिंतीपाशीच पक्के झाले असावे. पुढे दृष्टी गमावलेल्या बिनोदबिहारींच्या आत्मपर बंगाली लेखनाचा इंग्रजी अनुवाद सुब्रमण्यन यांनी स्वतः केला. गुरूचे ऋण मानण्याची ती त्यांची रीत होती.

सयाजीरावांच्या नगरीत

१९५१ मध्ये सुब्रमण्यन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. मराठी वाचकाला बडोदे परके नाही. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन नावाची तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली होती, दादासाहेब फाळके यांनी तेथे शिक्षण घेतले होते, राजा रविवर्म्याची चित्रे तेथील राजवाड्यात होती आणि गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती खुद्द नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या होत्या. शांतिनिकेतनातून बडोद्याला येणाऱ्या तरुण शिक्षकाच्या आधी त्याच्या गुरूची चित्रे तेथे पोहोचलेली होती.

स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेली ललितकला विद्याशाखा हा नव्या भारतातील एक धाडसी प्रयोग होता. तोवर कलाशिक्षण बहुतांशी पदविकेपुरते मर्यादित होते. येथे ते विद्यापीठाच्या पदवीचा विषय झाले. कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र हे विषय प्रत्यक्ष चित्रणाच्या आणि शिल्पाच्या बरोबरीने शिकवले जाऊ लागले, म्हणजे हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या कामाचा विचार करावा, वाचावे आणि लिहावे, ही अपेक्षा अभ्यासक्रमातच अंतर्भूत झाली. अमेरिकेतील बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आलेले मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता होते. इंदूरच्या मातीत घडलेले मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख होते, तर शांतिनिकेतनचे शंखो चौधुरी शिल्पकला शिकवत होते. एका प्रांताची किंवा एका घराण्याची शैली संस्थेवर लादली जाऊ नये, याची हमी या शिक्षकवर्गाच्या विविधतेतच होती. तंत्रावर असामान्य हुकमत असलेले बेंद्रे आणि तंत्रामागील प्रश्न विचारणारे सुब्रमण्यन यांच्या सहवासात शिकलेल्या विद्यार्थ्यांना दोन्हींचा लाभ झाला.

१९५५–५६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर सुब्रमण्यन लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये राहिले. पिकासो, मातिस, ब्राक यांच्या चित्रांशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय वाढला. त्या काळातील अनेक भारतीय चित्रकारांपुढे पाश्चात्त्य आधुनिकता स्वीकारावी की भारतीयत्व जपावे, असा पेच होता. सुब्रमण्यन यांना हा पेचच चुकीचा वाटत होता. युरोपच्या आधुनिक चित्रकारांनी आफ्रिकी मुखवटे किंवा जपानी ठसे पाहून आपली भाषा बदलली. म्हणजे त्यांनी दुसऱ्या संस्कृतीतून जे घेतले ते आपल्या गरजेप्रमाणे घेतले. तोच अधिकार भारतीय कलावंतालाही आहे, आणि तो बजावण्यासाठी त्याला आधी स्वतःच्या परिसरातील कलाभाषा नीट ठाऊक असल्या पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती.

मागावरचे धडे

१९५९ ते १९६१ ही वर्षे सुब्रमण्यन यांनी मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात उपसंचालक, आरेखन या पदावर काढली. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या मंडळाच्या विणकर सेवा केंद्रांचा हेतू असा होता की विणकरांचे पारंपरिक ज्ञान टिकावे, त्यांना नव्या बाजारपेठेसाठी नवे नमुने मिळावेत आणि या कामात चित्रकारांना सामावून घ्यावे. ‘कोरा कॅनव्हास’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांना जवळचे असलेले चित्रकार प्रभाकर बरवे यांनीही पुढे याच केंद्रांत वाराणसी आणि मुंबई येथे नोकरी केली. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या केंद्रांचा वाटा जितका सांगितला जातो, त्याहून तो मोठा आहे.

मागावर काम करताना चित्रकाराच्या अनेक सवयी मोडतात. ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे यांच्या छेदांतूनच आकृती उमटते, त्यामुळे वक्ररेषा हवी असली तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच घडवावी लागते. रंग पृष्ठावर चढवता येत नाही, तो धाग्यात आधीच असावा लागतो आणि दोन रंगांचे धागे शेजारी आले की डोळ्यांना तिसराच रंग दिसतो. साहित्य येथे चित्रकाराच्या कल्पनेला अट घालते आणि ती अट मान्य केली की कल्पनेला नवे रूप सुचते. सुब्रमण्यन १९६१ मध्ये प्रपाठक म्हणून बडोद्याला परतले आणि काही वर्षे मंडळाचे सल्लागारही राहिले, तेव्हा हा धडा त्यांनी वर्गात आणला. विद्यार्थ्याने आधी कल्पना ठरवावी आणि मग तिला साजेसे माध्यम शोधावे, या रूढ क्रमाऐवजी साहित्य हाताळता हाताळताच कल्पना आकाराला येऊ द्यावी, यावर त्यांनी भर दिला.

लखनौची भिंत

या विचाराचा सर्वांत भव्य आविष्कार लखनौच्या रवींद्रालय या सभागृहाच्या बाह्यभिंतीवर १९६३ मध्ये साकार झाला. रवींद्रनाथांच्या ‘राजा’ या नाटकावर आधारलेले हे भित्तिशिल्प सुमारे ८१ फूट लांब आणि ९ फूट उंच असून टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, सुमारे १३,००० तुकड्यांतून ते रचले आहे. ‘राजा’ नाटकातील राजा प्रजेला दिसत नाही आणि राणी सुदर्शनेलाही तो केवळ अंधाऱ्या दालनात भेटतो. त्याला उजेडात पाहण्याचा हट्ट धरणारी सुदर्शना एका देखण्या तोतयाला राजा समजून फसते, आणि अभिमान गळून पडल्यावरच तिला खऱ्या राजाची ओळख पटते. जो दिसत नाही त्याच्याभोवती फिरणारे नाटक दृश्यकलेत आणायचे, हे आव्हान मोठे होते.

सुब्रमण्यन यांनी नाटकातील प्रसंगांची क्रमवार चित्रे काढली नाहीत. ओल्या मातीचे लहान लहान घटक घडवायचे, ते भट्टीत भाजायचे आणि भिंतीवर एकमेकांना जोडून त्यांतून माणसे, दालने, दारे आणि गर्दी उभी करायची, अशी त्यांची रचना आहे. जवळून पाहणाऱ्याला मातीचे उठाव, खाचा आणि कडाच दिसतात. काही पावले मागे गेले की त्या तुकड्यांतून आकृत्या उलगडतात. दिवस चढत जातो तसतसा उठावांच्या सावल्यांचा कोन बदलतो आणि भिंतीची घडण वेगळी भासू लागते. रंग न लावता केवळ माती आणि ऊन यांच्या साहाय्याने साधलेला हा परिणाम आहे. बंगालमधील विष्णुपूरच्या विटांच्या मंदिरांवर टेराकोटाच्या पाट्या बसवून कथा सांगण्याची जुनी परंपरा होती. तिचा हा विस्तार म्हणता येईल, परंतु येथे मंदिरावरच्या पाटीची चौकट नाहीशी झाली आहे आणि आकृत्यांची घडण घनवादी चित्रकारांनी केलेल्या विभाजनाशी नाते सांगते. घनवाद म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक बाजू भौमितिक तुकड्यांत एकाच वेळी मांडणारी विसाव्या शतकाच्या आरंभीची युरोपीय चित्रपद्धती. विष्णुपूर आणि पॅरिस या दोन्हींकडून घेतलेले येथे इतके एकजीव झाले आहे की कोणते कोठून आले, हे शोधण्याची प्रेक्षकाला गरज वाटत नाही.

अधिष्ठाता आणि खेळणी

१९६६–६७ मध्ये रॉकफेलर फंडाच्या पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कला राहून आल्यानंतर १९६८ ते १९७४ या काळात सुब्रमण्यन बडोद्याच्या विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. प्रशासकीय पद सांभाळणाऱ्या कलावंताच्या हातून चित्रे सुटतात, असा अनुभव सार्वत्रिक असला, तरी त्यांच्या बाबतीत याच वर्षांत माध्यमांचा विस्तार झाला. त्यांच्या शाळेची वृत्ती ज्यात सर्वाधिक स्पष्ट दिसते तो उपक्रम म्हणजे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेला ‘फाइन आर्ट्स फेअर’, म्हणजे विद्याशाखेच्या आवारात भरणारी कलाजत्रा. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या, शुभेच्छापत्रे आणि भांडी बनवत आणि ती सामान्य लोकांना परवडतील अशा दरात विकत. सुब्रमण्यन यांनी या जत्रेसाठी कातीव लाकूड, मणी आणि चामड्याचे तुकडे जोडून जी जनावरे आणि माणसे बनवली, ती आज संग्रहालयांच्या प्रदर्शनांत मांडली जातात.

या खेळण्यांकडे गमतीचा भाग म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. लाकडाच्या चार-पाच तयार आकारांतून बकरी ओळखता यावी असे वाटत असेल, तर बकरीच्या बकरीपणाला आवश्यक असे काय आहे आणि काय गाळता येते, हे ठरवावे लागते. आणि हाच निर्णय चित्रकाराला प्रत्येक रेषेपाशी घ्यावा लागतो. शिवाय खेळणे हातात घेणारे मूल कलासमीक्षेची भाषा जाणत नाही, त्यामुळे आकृती बोलली नाही तर तिला कोणतेही स्पष्टीकरण वाचवू शकत नाही. नामवंत अधिष्ठाता आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी यांनी एकाच टेबलावर बसून जत्रेसाठी खेळणी करणे, यातून श्रेष्ठ-कनिष्ठ माध्यमांची उतरंड जितकी सहज मोडली गेली, तितकी ती कोणत्याही व्याख्यानाने मोडली नसती.

त्यांच्या अध्यापनाचे खरे मोजमाप त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वेगळेपणात सापडते. बडोद्यात त्यांच्या काळात शिकलेल्या ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रणाबरोबरच गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतील घरांच्या भिंतींवरील चित्रांचे छायाचित्रांतून अनेक वर्षे दस्तऐवजीकरण केले. हकू शाह यांनी आदिवासींच्या मृत्तिकाकलेचा आणि लोककलेचा ध्यास घेतला. गुलाममोहम्मद शेख यांनी लघुचित्रांतील अवकाशाची आधुनिक चित्रात नव्याने मांडणी केली आणि पुढे स्वतः शिक्षक व लेखक म्हणून ही परंपरा चालवली. हैदराबादहून आलेले लक्ष्मा गौड ग्रामीण तेलंगणाच्या रेखाटनांनी प्रसिद्ध झाले. बिनोदबिहारींच्या कन्या मृणालिनी मुखर्जी सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिचित्रण शिकत असताना नैसर्गिक तंतूंकडे वळल्या आणि दोरांना गाठी मारून त्यांनी माणसाहून उंच, देवतांसारखी भासणारी शिल्पे घडवली. या कलावंतांच्या कामांत सुब्रमण्यन यांची नक्कल कोठेही आढळत नाही. प्रभावी शिक्षकाच्या भोवती त्याच्याच शैलीचे अनुयायी गोळा होतात, हे कलाक्षेत्रात वारंवार घडते; येथे मात्र गुरूने शैलीऐवजी दृष्टी दिल्यामुळे प्रत्येकाची वाट निराळी झाली.

मातीत उमटलेले युद्ध

परंपरा, हस्तव्यवसाय आणि खेळणी यांच्याविषयी आस्था असलेला कलावंत काळाच्या हिंसेपासून दूर राहिला असेल, असा समज सुब्रमण्यन यांची १९७० च्या दशकारंभीची टेराकोटा उठावशिल्पे खोडून काढतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धातील कत्तलींच्या बातम्या येत असताना त्यांनी ‘जनरल्स अँड ट्रॉफीज’ या शीर्षकाची शिल्पे केली. पोळीसारख्या लाटलेल्या मातीच्या पातळ थरांना कापून, दुमडून, चिमटे काढून आणि अंगठ्याने दाबून त्यांनी सेनाधिकाऱ्यांचे फुगलेले चेहरे, छातीवरील पदके आणि त्यांच्याभोवती विजयचिन्हांसारखे मांडलेले मानवी अवयव घडवले. ओल्या मातीवर पडलेला दाब, तिची फाटलेली कड आणि भट्टीत गेल्यावर पडलेली भेग यांतून कातडीवरील जखमेचा प्रत्यय येतो. पदक आणि जखम दोन्ही एकाच पद्धतीने, मातीची गोळी चिकटवून आणि दाबून, केलेली असल्यामुळे सत्तेचा डामडौल आणि त्याने घेतलेले बळी यांतील नाते शब्दांविना स्पष्ट होते.

सत्तेविषयीची हीच जागरूकता त्यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांतही आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द टेल ऑफ द टॉकिंग फेस’ ही चित्रगोष्ट वरवर एका राजकन्येची कथा असली, तरी आणीबाणीच्या काळातील राज्यकारभारावरील रूपक म्हणून ती वाचली जाते. मुलांना राजकारणातले कळत नाही म्हणून त्यांच्याशी खोटे बोलावे, हे या शिक्षकाला मान्य नव्हते.

पुन्हा शांतिनिकेतन आणि काचेची चित्रे

१९८० मध्ये सुब्रमण्यन कलाभवनात चित्रकलेचे प्राध्यापक म्हणून परतले आणि १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावरही सन्माननीय प्राध्यापक म्हणून त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ तेथेच राहिले. याच सुमारास त्यांनी उलट्या काचचित्रणाचे माध्यम हाती घेतले. या पद्धतीत काचेच्या मागील बाजूस रंगवतात आणि चित्र पुढील बाजूने पाहतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चीनच्या व्यापारातून हे तंत्र भारतात आले आणि तंजावरपासून कच्छपर्यंत देवदेवतांच्या व दरबारी स्त्रियांच्या चित्रांसाठी वापरले गेले. नंतर ते बाजारू म्हणून मागे पडले.

या तंत्रात कामाचा क्रम पूर्णपणे उलटा होतो. कॅनव्हासवर चित्रकार आधी पार्श्वभूमी आणि मोठे आकार भरतो व शेवटी डोळ्यांतील बाहुलीचा ठिपका देतो. काचेवर तो ठिपका सर्वांत आधी द्यावा लागतो, मग डोळा, मग चेहरा, मग वस्त्र आणि सर्वांत शेवटी मागचे आकाश. एकदा वरून रंग चढला की खालचा तपशील बदलता येत नाही, म्हणजे अजून अस्तित्वात नसलेले संपूर्ण चित्र पहिल्या ठिपक्यापाशीच मनात असावे लागते. आणि तरीही सुब्रमण्यन यांच्या काचचित्रांत गणिती आखणीचा ताण दिसत नाही. मांजरे, माकडे, बोकड, शेज सजवणाऱ्या बायका, कालीघाटच्या पटचित्रांची आठवण देणारे बाबू आणि देवता त्यांत मोकळेपणाने वावरतात. १९८७–८८ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात पाठ्यवृत्तीवर असताना त्यांनी केलेल्या चित्रांत मुघल दरबारातील मरणासन्न इनायत खान ऑक्सफर्डकडे पाहताना दिसतो. जहांगीरच्या चित्रकाराने रंगवलेले इनायत खानाचे मूळ चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. इंग्लंडने नेलेले भारतीय चित्र आणि इंग्लंडमध्ये गेलेला भारतीय चित्रकार यांची ही भेट एकाच वेळी खेळकर आणि बोचरी आहे.

कलाभवनातील आरेखन विभागाच्या इमारतीच्या बाह्यभिंतींवर त्यांनी १९९० च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या रंगांत केलेले भित्तिचित्र शांतिनिकेतनची ओळख बनले आहे. पाने, पक्षी, प्राणी आणि मानवी आकृत्या इमारतीच्या कोपऱ्यांवरून वळतात, खिडक्यांना वेढतात आणि वास्तूलाच चित्र करून टाकतात. ऊनपावसाने ते पुसट झाले, तेव्हा २००९ मध्ये वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी मचाणावर चढून सुब्रमण्यन यांनी ते नव्या आकृत्यांसह पुन्हा रंगवले. स्वतःच्या जुन्या चित्राची हुबेहूब प्रतिकृती करण्याऐवजी नवे चित्र काढण्याचा हा निर्णय अंगणातील रांगोळी किंवा घराची भिंत दरवर्षी नव्याने रेखाटणाऱ्या लोकपरंपरेशी सुसंगत होता.

जिवंत परंपरेचा अर्थ

‘मूव्हिंग फोकस’ (१९७८), ‘द लिव्हिंग ट्रॅडिशन’ (१९८७), ‘द क्रिएटिव्ह सर्किट’ (१९९२) आणि ‘द मॅजिक ऑफ मेकिंग’ (२००७) या ग्रंथांत सुब्रमण्यन यांचा कलाविचार संकलित आहे. त्यांच्या मते पारंपरिक समाजात कलेची भिन्न भिन्न स्तरांवरची रूपे एकमेकांत मिसळलेली असतात. महाराष्ट्रातील उदाहरणांनी सांगायचे, तर उंबऱ्यापुढची रांगोळी, लग्नघरातील वारली चौक, पिंगुळीच्या चित्रकथीची पोथी आणि मंदिरावरील शिल्प ही एकाच मालिकेतील स्थाने आहेत. काही कामे कोणीही करावीत अशी, तर काही वर्षानुवर्षांच्या तयारीनंतरच साधणारी, परंतु खालच्या स्तरावरचे काम वरच्या स्तराला शब्दसंपत्ती पुरवते आणि वरचे काम खालच्या स्तराला नवे आकार देते. आधुनिक कलाव्यवस्थेने या मालिकेचे शेवटचे टोक तोडून त्याला ‘कला’ म्हटले आणि उरलेल्या भागाला ‘कारागिरी’ ठरवले. त्यामुळे कारागीर नवे काही करण्याचा अधिकार गमावून बसला आणि कलावंताच्या पायाखालची जमीन गेली.

परंपरा म्हणजे जतन करून ठेवायचा ठेवा, असे त्यांनी कधी मानले नाही. जी परंपरा नव्या गरजा, नवे साहित्य आणि परक्या प्रभावांना सामोरी जाऊन बदलते तीच जिवंत, हा त्यांचा निकष होता. या भूमिकेवर आक्षेप घेता येतो. कारागिराच्या ज्ञानाचा सन्मान कलाशाळेत वाढला, तरी त्याच्या मजुरीत आणि सामाजिक स्थानात त्या प्रमाणात वाढ झाली नाही. ज्या जातिव्यवस्थेने कारागिराच्या हाताला कौशल्य दिले तिनेच त्याला दारिद्र्य आणि अवहेलनाही दिली, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत अग्रभागी येत नाही. हा अपुरेपणा मान्य करूनही असे म्हणावे लागेल की कारागिराला दयेचा विषय न मानता समकालीन कलावंत मानण्याची जी भूमिका त्यांनी शाळेत रुजवली, तिच्यावाचून पुढचा प्रश्न विचारण्याची पात्रताच कलाजगताला आली नसती.

एका शिक्षकाचे संचित

२००४ मध्ये सुब्रमण्यन बडोद्याला परतले आणि २९ जून २०१६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पद्मश्री (१९७५), कालिदास सन्मान (१९८१), पद्मभूषण (२००६) आणि पद्मविभूषण (२०१२) हे सन्मान त्यांना लाभले. वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांनी ‘वॉर ऑफ द रेलिक्स’ हे अनेक फलकांचे विशाल काळे-पांढरे चित्र रंगवले. धर्मांच्या नावाने चालणाऱ्या जुन्या वैरांचे अवशेष वर्तमानात कसे लढत राहतात, हा त्याचा विषय होता. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०२४ मध्ये कोलकात्यात भरलेल्या प्रदर्शनात त्यांच्या कामाचा नव्याने वेध घेतला गेला.

त्यांच्या कार्याचे महत्त्व आजच्या कलाशिक्षणाच्या संदर्भात अधिकच जाणवते. कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढे आज दोन ओढी आहेत: एकीकडे बाजारपेठेत ओळखू येईल अशी शैली लवकरात लवकर ठरवण्याची घाई, आणि दुसरीकडे हाताने काही न करता केवळ संकल्पनेवर विसंबण्याचे आकर्षण. सुब्रमण्यन यांचे उदाहरण दोन्हींना उत्तर देते. त्यांनी एकाच शैलीची ओळख आयुष्यभर नाकारली, आणि विचारांच्या बाबतीत कोणाहूनही मागे नसताना माती, धागा, लाकूड आणि काच यांच्याशी असलेला हाताचा संवाद थांबवला नाही. हा मार्ग महाग नाही. त्यासाठी लागणारी माती, दोर, कागद आणि आसपासची जाणती माणसे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात उपलब्ध आहेत. ज्या शाळेतील चित्रकलेचा शिक्षक मुलांना चित्राच्या पुस्तकातील नमुना उतरवायला लावण्याऐवजी गावच्या कुंभाराला, बुरुडाला किंवा रांगोळी घालणाऱ्या आजीला वर्गात बोलावील आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतःही काम करील, त्या शाळेत मणिसरांचे अध्यापन पुढे चालू राहील. तेथील मुलांना त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो.